येसोदादांच्या रक्ताच्या दोन नळ्या

बाजारात मी समोरून आले की निम्मी माणसं बाही खाली ओढतात. हसत हसत ओढतात, पण ओढतात. बत्तीस वर्षं मालवणात आणि आजूबाजूच्या गावांत घरोघरी जाऊन रक्त काढत आले, त्यामुळे माणसं मला चेहऱ्याने ओळखतात आणि मी त्यांना दंडाने. नाव विसरेन, पण कुणाची शीर डाव्या कोपराच्या आतल्या अंगाला आहे आणि कुणाची मनगटाजवळ लपून बसलीय, हे विसरत नाही.

शिक्षण म्हणाल तर सातवी. एका डॉक्टरांच्या दवाखान्यात केर काढायला लागले होते. सुया उकळायचं काम आलं, मग नळ्यांवर नावं चिकटवायचं आलं. एक दिवस कंपाउंडर आला नाही आणि बाहेर तापाचे पेशंट बसलेले. डॉक्टर म्हणाले, जमेल का? मी म्हटलं, जमलंय. खोटं नव्हतं ते. संध्याकाळी दवाखाना बंद करताना मी माझ्याच डाव्या हातावर शिकले होते. महिनाभर तो हात निळा होता आणि शेजारणींना वाटायचं नवरा मारतो. बिचारा नवरा.

शीर डोळ्यांनी शोधायची नसते, बोटाने शोधायची असते. दाबल्यावर परत वर येते ती शीर, येत नाही ती दुसरी काहीतरी दोरी. एवढंच शास्त्र. बाकी सगळं गप्पा मारणं. माणूस बोलायला लागला की दंड सैल सोडतो, आणि सैल दंडातून रक्त नीट येतं. म्हणून मी बडबडी झाले की बडबडी होते म्हणून हे जमलं, ते मला सांगता येणार नाही.

माणसं एकेक. शिरोड्याचे एक निवृत्त फौजदार होते. गावातली पोरं अजून त्यांना बघून सायकलवरून उतरायची. मी सुईचं पाकीट फाडलं की त्या आवाजानेच ते आडवे व्हायचे. त्यांची बायको आधीच उशी घेऊन उभी असे. दुसरे एक काका उपाशीपोटीच्या साखरेला दरवेळी चहा पिऊन बसायचे. मी ओरडले की म्हणायचे, "चाय म्हणजे काय खाणा काय गो?" आणि एक म्हातारी होती, तिने विचारलं, "ह्या सगळा रगात तू करतंस काय?" मी म्हटलं, "तपासतत आणि टाकतत." ती उठूनच बसली. "टाकतत? माझा रगात? मगे उरात ता परत हाडून दी. माडाच्या मुळात तरी घालीन." पुढच्या खेपेला तिने खरंच विचारलं, हाडलंस काय म्हणून.

दिवाळी अंकवाल्यांनी सांगितलं होतं, मावशी, अशाच गमतीजमती लिहा. पंधरा पानं होतील एवढ्या आहेत. पण लिहायला बसले की हात येसोदादांकडेच जातो. तेव्हा तेच लिहिते. नावं बदललीत.

येसोदादा आचऱ्याचे. स्वतःच्या ट्रॉलरवर स्वतःच तांडेल, म्हणजे होडीचा कप्तान. साठीला आलेले, आवाज असा की खळ्यात, म्हणजे अंगणात, बोलले तर रस्त्यावर ऐकू यावं. मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला, मुंबईला ऑपरेशन झालं, केमो झाली. मुलगा नितीन तिकडेच नोकरीला. त्याने कुठूनतरी माहिती काढली आणि एका नव्या रक्ततपासणीसाठी नाव घातलं. रक्त काढायला इकडे कोण, तर मी. लॅबच्या माणसाने मला फोनवर दोन तास शिकवलं आणि पेटी पाठवली.

ही तपासणी काय आहे ते सांगते, कारण मलाही ते कळायला वेळ लागला. साध्या तपासणीत सगळ्यांना एकच गाळणी. हिच्यात गाळणी त्या एका माणसापुरती बनवतात. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा तुकडा हॉस्पिटलात मेणात बसवून ठेवलेला असतो, त्याला ब्लॉक म्हणतात. तो लॅबला जातो. त्या गाठीच्या डीएनएमध्ये कुठे कुठे बिघाड आहे ते तिथे वाचतात आणि त्यातल्या निवडक खुणा धरून त्याच माणसासाठी चाचणी तयार करतात. मग दर तीन महिन्यांनी दोन नळ्या रक्त पाठवायचं. शरीरात गाठ पुन्हा कुठे जीव धरत असली तर तिचे बारीक कण रक्तात सुटतात. स्कॅनमध्ये काही दिसायच्या आधीसुद्धा ह्या खुणा रक्तात सापडू शकतात.

हे मी येसोदादांना माझ्या परीने सांगितलं. ते जाळं विणत बसले होते. सुई न थांबवता म्हणाले, "म्हणजे फुटलेल्या होडयेची फळी. किनाऱ्यार एक फळी इली काय रंगावरून आमका कळता कोणाची होडी ती. होडी दिसाक होयी असा नाय."

मी लॅबच्या माणसाला नंतर हे सांगितलं. तो म्हणाला, मावशी, आमच्या पुस्तकात एवढं सोपं नाही.

पहिल्या दोन खेपा चांगल्या गेल्या. काही सापडलं नाही असे रिपोर्ट आले. लॅबचा रिपोर्ट नितीनला जायचा आणि माझ्याही फोनवर यायचा. पण येसोदादांना तो माझ्याच तोंडून ऐकायचा असे. नितीनने आधी सांगितलेलं असलं तरी. "रगात तू काढलंस, तूच सांग," म्हणायचे. मी सांगितलं की सुलूवैनी, त्यांची बायको, देवासमोर साखर ठेवायची आणि त्यातलीच चिमूटभर माझ्या हातावर. मला त्याची सवय झाली. चांगली बातमी देणारी बाई म्हणून मिरवायला कुणाला आवडत नाही?

तिसरी खेप मे महिन्यातली.

ह्या नळ्यांचा एक नियम आहे. त्यांत आधीच एक औषध घातलेलं असतं, ते रक्तातल्या पांढऱ्या पेशींना फुटू देत नाही. नळ्या नेहमीच्या खोलीच्या हवेत ठेवायच्या. थंड करायच्या नाहीत. थंडीने पेशी फुटल्या तर माणसाचा स्वतःचा चांगला डीएनए त्यात इतका सांडतो की गाठीची खूण शोधणं म्हणजे भरतीच्या गढूळ पाण्यात पडलेली नाकातली मोरणी शोधणं. हे मला शिकवलं होतं. पेटीत कागद होता. पहिल्या दोन वेळा मी त्या कागदाप्रमाणेच केलं होतं.

पण त्या दिवशी उकाडा असा होता की माडाचं पान हलत नव्हतं. रक्त काढून झालं. नळ्या दहा वेळा हलकेच उलट्यासुलट्या केल्या. आता रिक्षाने मालवण, तिथून कुडाळ, कुडाळच्या कुरियर ऑफिसात पेटी द्यायची. रिक्षाचं टपच तापून लाल. नळी हातात धरली तर मला ती गरम लागायला लागली.

"ह्या गरमेत टिकतला काय गो ता?" येसोदादांनी विचारलं.

"टिकाक होया. कागदार रूम टेम्परेचर लिवला आसा."

"खंयच्या रूमीचा? मुंबयच्या? थंय एसी लावन बसतत. आमच्या रूमीत बस मगे तुका कळात."

वैनी हसली. मीही हसले. पण मनात आलं, बरोबर आहे की. कागद लिहिणारा कधी मे महिन्यात आचऱ्याला आला असेल काय? लॅबला फोन लावला, तर रेंज नाही. येसोदादा उठले, मागच्या बाजूला मासळीची पेटी होती, त्यातून चुरलेल्या बर्फाच्या दोन पिशव्या भरून घेऊन आले.

"घाल. तीन दीस मासो टिकता, माझा रगात एक दीस टिकाचा नाय?"

मी नळ्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या, वर फडकं, आणि लॅबच्या पेटीत खाली-वर बर्फ. हाताला सवय होती. बत्तीस वर्षं रक्त म्हटलं की बर्फ. एक क्षण थांबले होते, हे मला आठवतं. थांबले आणि मग झाकण लावलं.

आठवड्याने नितीनचा फोन. "मावशी, सॅम्पल रिजेक्ट झालं. गार झालं होतं म्हणतात, रक्त फुटलं. असं कसं झालं?"

मी म्हटलं, "कुरियरवाल्यांनी कुठेतरी ठेवलं असेल बाबा."

किती सहज आलं ते तोंडातून. मी सुईपुढे कधी घाबरले नाही, पण त्या पोराच्या आवाजाला घाबरले. सातवी पास बाईला एवढं मोठं काम दिलं, असं त्याच्या मनात येईल, याला घाबरले.

नवी पेटी यायला जून उजाडला. मग येसोदादांना ताप आला, तापात नमुना घेऊ नका म्हणाले. मग पावसाने रस्ता बंद. नळ्या भरून गेल्या तेव्हा जुलै अर्धा झाला होता. दीड-दोन महिने गेले. त्या बर्फात गेले.

रिपोर्ट आला नारळी पौर्णिमेच्या चार दिवस आधी. मी फोन उघडला आणि तो शब्द बघितला. सापडलं. आकडा लहान होता. मला वाटलं लहान आहे म्हणजे बरं असेल.

नितीनने लगेच स्कॅन करून घेतला. ओरोसच्या हॉस्पिटलात बोलावून, वर्षाची तपासणी आहे असं वडलांना सांगून. स्कॅन स्वच्छ. मुंबईचे डॉक्टर म्हणाले, दिसत काहीच नाही, आत्ता औषध कशावर देणार, दोन महिन्यांनी परत बघू. म्हणजे कळलं होतं आणि करता येण्यासारखं काही नव्हतं. ही तपासणी विकताना लवकर कळेल एवढं सांगतात. कळल्यावर त्या दिवसांचं काय करायचं, ते कुठल्याच कागदावर नव्हतं.

नितीन फोनवर म्हणाला, "मावशी, बाबांना काही बोलू नका. मासेमारीचा सीझन सुरू होतोय. त्यांचा जीव दर्यात आहे, जाऊ दे त्यांना. एवढं तरी मिळू दे. आईलाही मी सांगितलंय, तिलाही पटलंय."

मला ते योग्य वाटलं. खरंच वाटलं. आणि थोडं बरंही वाटलं, कारण रिपोर्ट नाही म्हटल्यावर बर्फाचाही विषय निघणार नव्हता.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी येसोदादा स्वतःच मालवणला, मी रक्त घ्यायला बसते त्या सेंटरवर आले. दारातूनच हाक. "गो बाय, रिपोर्ट इलो?"

फोन माझ्या ओटीत होता.

"येवक नाय अजून, दादा."

"लांबलो तो."

"पावसान लांबलो असतलो."

ते जरा उभे राहिले. माझ्याकडे बघत होते की माझ्या मागच्या कॅलेंडरकडे, कळलं नाही. "स्कॅन बरो इलो म्हणता झील, नितीन."

"बरो इलो."

"मगे जातंय," म्हणाले. "येतलो तेव्हा येतलो." आणि गेले.

चतुर्थीचे दिवस सोडले तर दीड महिना ते दर्यातच होते. मासळी त्या वर्षी बरी होती. वैनी भेटली की म्हणायची, "खूश आसत गो." आम्ही दोघी एकमेकींकडे बघून मान हलवायचो, काहीतरी चांगलं लपवून ठेवलेल्या बायकांसारख्या.

ऑक्टोबरात डोळे पिवळे झाले. यकृतात तीन ठिकाणी गाठी. केमो परत सुरू केली, दोन घेतल्यावर येसोदादांनी हात जोडले, आता पुरे.

डिसेंबरात मी पेशी तपासण्यासाठी रक्त काढायला गेले. वैनी तिठ्यावर औषध आणायला गेली होती. पडवीत खाटेवर ते. आवाज घरातल्या घरात विरायला लागला होता. केमोने शिरा सुकलेल्या, वाळत घातलेल्या दोरीसारख्या. मला दुसऱ्यांदा सहसा टोचावं लागत नाही. त्या दिवशी तिसऱ्यांदा टोचलं, तळहाताच्या मागे, बारीक सुईने.

"तीनदा टोचलंस. काय झाला गो तुका आज?" त्यांनी विचारलं.

मी सुई काढली, बोळा दाबून धरला आणि सांगून टाकलं. "दादा, मे म्हयन्यातला रगात माझ्यामुळे फुकट गेला. बर्फ घालूक नको होतो. माका शिकवल्यानी होता. मी कुरियरवाल्यांचा नाव सांगितलंय."

ते माझ्याकडे बघत राहिले आणि मग हसायला लागले. हसताना पोटाला हात लावावा लागला. "बर्फ माझो, पेटी तुझी," म्हणाले. "अर्धा अर्धा वाटून घेव. त्या कुरियरवाल्यांक मात्र सोड, त्येंका कायेक ठावक नाय."

मला रडू आलं. माफी एवढ्या स्वस्तात मिळेल असं वाटलं नव्हतं. त्या भरात मी दुसरंही सांगितलं. "रिपोर्ट पुनवेच्या आधीच इललो. माझ्याकडे होतो."

हसणं थांबलं.

"कोणाकोणाक म्हायत होता?"

"नितीनाक. वैनीक. माका."

"म्हणजे माका सोडून."

"तुमका दर्यात जावक गावांदे म्हणान, दादा. तुमचो जीव थंय."

"कोणी सांगितल्यान?" त्यांनी विचारलं. रागाने नाही. खरंच माहीत नसल्यासारखं. "माझो जीव दर्यात आसा म्हणान कोणी सांगितल्यान तुमका?"

मी बोळ्यावर चिकटपट्टी लावली.

"चाळीस वर्सा दर्यात काढलंय. घर चलवचा होता म्हणान काढलंय. हिच्या हातची पेज माका कधी गरम गावाक नाय. डब्यात थंड झालेलीच. पेजेक वाफ येता ता मी बगलंय ता दुखण्यात. माका कंटाळो इललो गो दर्याचो. पण बरो झालंय म्हटल्यार तांडेलान घरात कसा बसाचा? खलाशी काय म्हणतीत?" थोडं थांबून श्वास घेतला. "तो एक कागद माझ्या हातात असतो तर मी होडी दुसऱ्याक दिलंय असतंय आणि तो दीड म्हयनो हयसर घरात रवलंय असतंय. हिच्यावांगडा. तेव्हा माका जेवक तरी येय होता."

बाहेर वैनीच्या चपला वाजल्या. येसोदादांनी तोंड भिंतीकडे केलं. वैनी आत येऊन म्हणाली, "गावला काय रगात?" मी म्हटलं, गावलं.

ते फेब्रुवारीत गेले. मुंबईच्या डॉक्टरांनी नितीनला सांगितलं की मे महिन्यात कळलं असतं तरी फारसा फरक पडला नसता. नितीनने ते मला सांगितलं, कारण तोपर्यंत मी त्यालाही बर्फाचं सांगून टाकलं होतं. तो म्हणाला, असू दे मावशी. "फारसा" ह्या शब्दाचं मी काय करायचं, ते मात्र मला अजून कळलेलं नाही. रक्तात केवढासा कण होता तो आकड्यात लिहून देतात. फारसा म्हणजे केवढं, ते कोण लिहून देणार?

येसोदादा भिंतीकडे वळले त्या दिवशीच मी ठरवलं होतं की माझ्याकडे आलेलं काही म्हणून मी परत कुणापासून लपवणार नाही. पेशंट असो, घरचा असो, ज्याने विचारलं त्याला सांगायचं. फार मोठं शहाणपण आलं असं मला वाटलं होतं.

त्यांना जाऊन दोन महिने झाले असतील. सुलूवैनीला बघायला गेले. ती खळ्यात कोकमाची सोलं वाळत घालत होती. लाल झालेल्या हातांनीच तिने मला बसायला पाट सरकवला. इकडचं तिकडचं बोललो. मग ती म्हणाली, "जावच्या आधी तेंका दीड म्हयनो दर्यात गावलो, ता एक बरा झाला. माझ्या मनाक तेवढोच इसावो. रात्री झोप येणा नाय तेव्हा ताच आठयतंय." आणि मग सहज विचारल्यासारखं, "तू रगात काढूक बसलंस काय तुझ्याकडे बोलत ते. कायेक बोलले काय गो माझ्याबद्दल?"

तिने विचारलं होतं. माझा नियम होता. मी सांगितलं. पेज सांगितली, वाफ सांगितली, दर्याचा कंटाळा सांगितला. हयसर रवलंय असतंय, हिच्यावांगडा, म्हणजे तिच्यासोबत इथेच राहिले असते, हेही सांगितलं. मला वाटलं, हे तिचंच आहे, तिला मिळायला हवं. एवढ्या वर्षांत नवऱ्याने तिला तोंडावर कधी असं काही म्हटलं नसणार.

तिचे हात सोलांवर तसेच राहिले. मग तिने एक सोल उचललं, उलटं केलं, परत जागेवर ठेवलं.

"तेंका सांगूचा होता तेव्हा सांगूक नाय," ती म्हणाली. "आता माका कित्याक सांगितलंस गो?"

मी उठले. चहाचं कुणी विचारलं नाही, विचारायला नकोच होतं.

काम मी अजून करते. त्या विशेष नळ्यांच्या पेट्या अजून येतात, आता तीन पेशंट आहेत. कागद मी प्रत्येक वेळी मोठ्याने वाचते, पाठ असला तरी. सुलूवैनीला साखर आहे, दर तीन महिन्यांनी तिचंही रक्त मीच काढते, आचऱ्यात दुसरं कुणी जात नाही. मी गेले की ती बाही वर करून हात टेबलावर ठेवते आणि बाहेर रस्त्याकडे बघते. मी गप्पा मारत नाही. तिचा दंड सैल होत नाही, रक्त थेंब थेंब येतं, आम्ही दोघी वाट बघतो.

मागच्या खेपेला मी नळीवर तिचं नाव लिहिलं आणि सवयीने म्हटलं, "फाल्या सकाळी रिपोर्ट येतलो, वैनी. मी फोन करतंय."

"माका नको," ती म्हणाली. "झीलाक धाड." आणि बोळा माझ्या बोटांखालून काढून घेऊन स्वतःच दाबून धरला.